अल्पवित्ताचें देशाटन



पैसा थोडा आणि जग पाहण्याची हौस मोठी, अशी स्थिति तारुण्यांत बहुतेकांची असते. पुढें पैसा येतो. पण तोंवर हौसेला संसाराची वेसण पडलेली असते आणि गुडघेही पूर्वीसारखे आज्ञाधारक राहिलेले नसतात. म्हणून थोड्या पैशांत दूरचा प्रवास कसा करावा, हा प्रश्न मुख्यतः तरुणांचा. परंतु तो घरांतल्या वडील मंडळींचाही आहे. कारण परवानगी त्यांनीं द्यावयाची असते आणि रात्रीची झोंपही त्यांचीच उडावयाची असते.

दर उन्हाळ्यांत यूरोपांत पाठीवर एक मोठी पिशवी बांधून या देशांतून त्या देशांत हिंडणारे तरुण-तरुणी जागोजाग दिसतात. आगगाडींत झोंपावें, चौकांतल्या पायऱ्यांवर बसून पाव खावा, रात्रीं स्वस्त वसतिगृहांत पाठ टेकावी आणि सकाळीं पुढची वाट धरावी, असा त्यांचा क्रम असतो. त्यांच्यांत आतां आपल्याकडचीं मुलेंही असतात. एखाद्या घरांत असा बेत निघाला कीं दोन आक्षेप हटकून पुढें येतात. एक असा कीं, हें परक्यांचें खूळ आहे, आपल्या रीतींत तें बसत नाहीं. दुसरा असा कीं, गांठीं पैसा नसतांना परमुलखांत जाणें म्हणजे लोकांच्या दारीं हात पसरणें. या आक्षेपांचें उत्तर यूरोपांत शोधण्यापूर्वीं मी आपणांस अंबडास नेणार आहें.

अंबड हें जालना जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव. जालन्याच्या दक्षिणेस सुमारें पंचवीस किलोमीटरवर. तेथें माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचें देऊळ आहे, आणि दक्षिणेकडे शहागडाजवळून गोदावरी वाहते. याच मुलखांत जांब नांवाचें खेडें आहे. आज तें घनसावंगी तालुक्यांत मोडतें. परंतु तो तालुका वेगळा होण्यापूर्वीं तें अंबड तालुक्यांतच होतें. या जांबेस १६०८ सालीं सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं नारायण नांवाचा मुलगा जन्मास आला. त्यालाच पुढें महाराष्ट्र समर्थ रामदास म्हणूं लागला.

लग्नाच्या वेळीं तो मंडपांतून निसटला, ही गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे. त्यानंतरचीं बारा वर्षें नाशिकजवळ टाकळीस साधनेंत गेलीं, हेंही आपण ऐकलेलें असतें. त्याच्या पुढच्या बारा वर्षांकडे मात्र आपलें लक्ष कमी जातें. १६३२ च्या सुमारास, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, हा तरुण टाकळीहून निघाला आणि १६४४ पर्यंत उत्तरेस हिमालयापासून दक्षिणेस रामेश्वरापर्यंत पायीं हिंडत राहिला, असें परंपरा सांगते. चोविसावें वर्ष म्हणजे आजचा तरुण शिक्षण संपवून पिशवी पाठीला लावतो तेंच वय.

हीं बारा वर्षें आपण एकदां संतचरित्र म्हणून नव्हे, तर प्रवाशाचा जमाखर्च म्हणून वाचून पाहूं. वाहनाचा खर्च नाहीं, कारण वाहन पायांचें. मुक्कामाचा खर्च नाहीं, कारण मुक्काम देवळांत, मठांत किंवा धर्मशाळेंत. सामान एका झोळींत मावणारें. राहिलें अन्न, आणि तें भिक्षेचें. दुसरा आक्षेप उठतो तो नेमका येथेंच. भिक्षा मागणें आणि हात पसरणें यांत भेद तो कोणता?

या प्रश्नाचें उत्तर स्वतः समर्थांनींच देऊन ठेवलें आहे. दासबोधाच्या चौदाव्या दशकांतला दुसरा समास भिक्षेवर आहे. त्यांतल्या उपदेशाचा एक भाग असा: दारीं जाऊन कांहीं भिक्षा आहे काय एवढेंच विचारावें, थोडक्यांत संतोष मानावा, आणि घरच्यांनीं पुष्कळ आणून पुढें केलें तरी एक मूठभरच घ्यावें. भिक्षेनें ओळखी होतात, असेंही तेथें म्हटलें आहे. या मूठभराच्या नियमाकडे नीट पाहावें. कोणत्याही एका घरावर भार पडूं नये, ही त्यांतली पहिली खूण. दुसरी खूण अशी कीं, एका मुठीनें पोट भरत नसल्यामुळें अनेक दारीं जाणें प्राप्त होतें. ज्याला एकाच घरीं पोटभर मिळतें त्याला एकच घर कळतें. ज्याला दहा घरीं मूठमूठ मिळतें त्याला गांव कळतें.

आणि तो काळ कोणता होता हें ध्यानांत घ्यावें. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजराथ यांवर भयंकर दुष्काळ कोसळला होता; गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. त्या दुष्काळाच्या शेवटीं हा तरुण वाटेला लागला. ज्या घरांत धान्याचा दाणा जपून ठेवलेला आहे, त्या घरापुढें उभें राहून मूठभर घेणें आणि पसाभर घेणें यांतला फरक त्याला पुस्तकांत शोधावा लागला नसेल. पुढें समर्थांच्या लिखाणांत लोकांच्या दैन्याचीं जीं वर्णनें येतात, त्यांना या दारोदारच्या ओळखीचा आधार आहे असें मला वाटतें.

सारांश, थोड्या पैशाचा प्रवास ही आपल्याकडे परकी वस्तु नाहीं. पैशाच्या जागीं तेथें एक शिस्त होती, आणि ती शिस्त पाळणाऱ्याला कोणी भिकारी म्हणत नसे. परंतु एकट्या प्रवाशाच्या शिस्तीनें हें जमत नाहीं. त्याच्या आधीं कोणीतरी धर्मशाळा बांधलेली असावी लागते, विहीर खणलेली असावी लागते, अन्नछत्र घातलेलें असावें लागतें. स्वस्त प्रवास स्वस्त होतो तो दुसऱ्या कोणी खर्च केलेला असतो म्हणून. अंबड होळकरांच्या जहागिरींत होतें, त्यामुळें आम्हां इकडच्या लोकांना या बाबतींत अहिल्याबाईंचें नांव चटकन आठवतें. १७६७ ते १७९५ या आपल्या कारकीर्दींत त्या बाईंनीं स्वतःच्या राज्याबाहेर, काशीपासून रामेश्वरापर्यंत, घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. ज्यांचीं नांवें त्यांना कधीं कळणार नव्हतीं अशा वाटसरूंसाठीं केलेला हा खर्च होता.

अशा छपराखालीं किती माणसें घडलीं याची मोजदाद नाहीं. दोन उदाहरणें सांगतों. गोव्यांतल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६ चा. बुद्धाचा धर्म शिकण्याच्या ओढीनें १८९९ च्या अखेरीस हा तरुण घर सोडून निघाला. पुणें आणि ग्वाल्हेर करून काशीस पोंचला, तेथें अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकला, आणि १९०२ मध्यें नेपाळ करून सिंहलद्वीपास गेला. पुढें हाच मनुष्य अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत पाली ग्रंथांच्या संशोधनासाठीं बोलावला गेला. १९२४ मध्यें प्रसिद्ध झालेलें त्याचें 'निवेदन' हें आत्मचरित्र ज्या घरांत तरुण मुलें आहेत त्या घरांत असावें.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. आणि मुलींच्या प्रवासाविषयीं ज्यांना धास्ती वाटते त्यांनीं तें विशेष लक्षांत घ्यावें. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थीं हिंडत, आणि कुटुंब त्यांच्याबरोबर पायीं चाले. १८७४ मध्यें आईबाप गेले. त्यानंतर सोळा-सतरा वर्षांची ही मुलगी आपला भाऊ श्रीनिवास याच्यासह देशभर पायीं फिरली आणि १८७८ मध्यें कलकत्त्यास पोंचली. तेथल्या पंडितांनीं तिची विद्वत्ता पाहून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भाऊ गेला, नंतर पतीही गेले. १८८३ मध्यें, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. जहाजाचें भाडें उभें राहिलें तें त्यांच्याच 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रींतून. अल्पवित्त असतां यूरोपांत जाणाऱ्या महाराष्ट्रीय तरुणांत त्यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपली वाट सर्वांची होती. छप्पर मात्र सर्वांचें नव्हतें. अन्नछत्राच्या दारांत जात विचारली जाई. ज्यांना देवळाच्या पायरीच्या आंत पाऊल टाकूं दिलें नाहीं, त्यांना ओंवरींत कोण निजूं देणार? आपल्या जुन्या आतिथ्याचा अभिमान बाळगतांना हा हिशेबही वहींत राहूं द्यावा.

आतां यूरोपाकडे वळूं. तेथेंही यात्रेकरूंना मठ आणि धर्मशाळा होत्या. स्पेनमधील सांतियागोच्या वाटेवर अशीं ठिकाणें आजही आहेत, आणि कांहीं ठिकाणीं यथाशक्ति दान एवढेंच भाडें असतें. परंतु यात्रेसाठीं नव्हे तर नुसतें जग पाहण्यासाठीं निघालेल्या गरीब मुलांना छप्पर मिळालें तें अलीकडे, आणि तें एका शाळामास्तरामुळें. जर्मनींतल्या आल्टेना गांवीं रिचर्ड शिरमान नांवाचा शिक्षक होता. कारखान्यांच्या धुरांत वाढणाऱ्या मुलांना रानावनांत हिंडविल्याखेरीज शिक्षण पुरें होत नाहीं, अशी त्याची श्रद्धा. २६ ऑगस्ट १९०९ या दिवशीं तो आपल्या विद्यार्थ्यांसह पायीं सफरीवर असतां मोठें वादळ झालें. एका खेड्यांतली शाळा सुट्टीमुळें रिकामी होती. तिच्या एका वर्गांत शेतकऱ्याकडून मिळालेलें गवत पसरून मुलें निजलीं. विजा चमकत असतां मास्तर जागाच होता. आणि त्याच्या मनांत आलें कीं, सुट्टींत प्रत्येक गांवची शाळा अशीच रिकामी असते, मग ती हिंडणाऱ्या मुलांना कां मोकळी करूं नये?

या एका विचारांतून तरुणांच्या वसतिगृहांची चळवळ निघाली. १९१२ मध्यें आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यांत कायमचें वसतिगृह सुरू झालें. १९३० मध्यें इंग्लंडांत अशीच संस्था निघाली. तेथें एका रात्रीस एक शिलिंग पडे. १९३२ मध्यें आम्स्टरडॅम येथें अनेक देशांच्या संस्थांचा संघ झाला आणि शिरमान त्याचा अध्यक्ष झाला. आपल्या देशांत या नमुन्याची संस्था १९४९ मध्यें स्थापन झाली, आणि तीं वसतिगृहें आजही चालू आहेत.

या वसतिगृहाची रीत साधी असते. एका खोलींत चार, सहा किंवा अधिक खाटा, बहुधा एकावर एक. स्नानगृह सामायिक. स्वयंपाकघरही पुष्कळ ठिकाणीं सामायिक. आपण शिजवावें, आपलें भांडें आपण घासावें आणि उरलेलें तेलमीठ मागून येणाऱ्यासाठीं फळीवर ठेवावें. पूर्वीं सकाळीं निघण्याआधीं झाडलोटीचें किंवा लांकडें फोडण्याचें एखादें कामही प्रत्येकाकडे असे. म्हणजे भिक्षेंतली मूठ येथें श्रमाच्या रूपानें आली. जो घेतो त्यानें थोडें घ्यावें आणि जागा नीट ठेवून जावें, हें तत्त्व तेंच.

आणि आपल्या धर्मशाळेचा जो दोष मघां सांगितला, तो तेथेंही शिरला. १९३३ मध्यें नाझी सत्ता येतांच जर्मनींतलीं वसतिगृहें पक्षाच्या तरुण संघटनेनें ताब्यांत घेतलीं. ज्यू मुलांना तीं दारें बंद झालीं, आणि १९३६ मध्यें स्वतः शिरमानलाही आंतरराष्ट्रीय संघाचें अध्यक्षपद सोडावें लागलें. छपराखालीं कोणाला घ्यावयाचें नाहीं अशी यादी जेथें तयार होऊं लागते, तेथें प्रवासाचें शिक्षण संपतें. महायुद्धानंतर हें काम पुन्हां उभें राहिलें तें देशादेशांतल्या मुलांनीं एकत्र राहावें याच हेतूनें. १९७२ मध्यें तेथल्या रेल्वे कंपन्यांनीं एकवीस वर्षांखालील मुलांसाठीं एकवीस देशांत महिनाभर चालणारें एकच तिकीट काढलें, आणि पाठीवर पिशवी घेऊन हिंडण्याचा प्रघात घराघरांत पोंचला. यूरोपाबाहेरून जाणाऱ्यांसाठीं तशाच प्रकारचें तिकीट १९५९ पासून आहे; सत्तावीस वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना तें सवलतीनें मिळतें.

आतां आपल्या घरांतला मुलगा किंवा मुलगी निघणार असेल तर हिशेब कसा बसतो तें पाहूं. रामदासांना टाकळीहून निघतांना कोणाचा परवाना लागला नाहीं. आज यूरोपांतल्या बहुतेक देशांसाठीं शेंगेन परवाना लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत अधिकांत अधिक ९० दिवस राहतां येतें. प्रौढांस त्याची फी ९० यूरो आहे, आणि निदान ३०,००० यूरोंचा वैद्यकीय विमा उतरावा लागतो. परतीची व्यवस्था, मुक्कामाचीं ठिकाणें आणि पुरेशी शिल्लक दाखवावी लागते. गमत अशी कीं, गरिबीनें हिंडावयाचें तर आपण गरीब नाहीं हें आधीं सिद्ध करावें लागतें. ब्रिटनचा परवाना निराळा. तो शेंगेनमध्यें येत नाहीं, हें विसरल्यास बेत फसतो.

वसतिगृहांतल्या खाटेला साधारण ३० यूरो धरले आणि पेठेंतून पाव, भाजी, फळें आणून स्वतः शिजविण्याचे दिवसाला १५ यूरो धरले, तर एकवीस दिवसांचे ९४५ यूरो होतात. यूरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ही रक्कम पंचाण्णव हजारांच्या घरांत जाते. आणि विमान, आगगाडी, विमा, परवाना मिळविले तर ती जवळजवळ दुप्पट होते. मोठ्या राजधान्यांत उन्हाळ्यांत खाटेला याहून अधिक पडतें. अंबडच्या कापूस पिकविणाऱ्या घराला हा आंकडा लहान नाहीं, आणि तो लहान आहे असें कोणी भासवूं नये. कर्ज काढून हौस करण्याचा हा विषयच नव्हे. जो मुलगा तेथें शिकावयास गेलेलाच आहे त्यानें सुट्टी वायां न घालवितां हिंडावें. ज्यानें दोन-तीन वर्षें पगारांतून बाजूस टाकलें आहे त्यानें निघावें. आणि इतरांनीं आपल्या देशांतली वाट आधीं धरावी. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

खर्च कमी करण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. त्यांतले प्रामाणिक मार्ग तेवढे सांगतों. देश कमी करावे आणि मुक्काम वाढवावे. दहा दिवसांत आठ राजधान्या पाहणारा पैसे रेल्वेला देतो आणि पाहतो फलाट. प्रसिद्ध शहराऐवजीं त्याच्या शेजारचें लहान गांव निवडावें. पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. एकट्या रोम शहरांत पिण्याच्या पाण्याचे अडीच हजारांच्या आसपास सार्वजनिक नळ अखंड वाहत असतात. लंडनचें ब्रिटिश म्यूझियम पाहावयास पैसा पडत नाहीं. पाठीवरचें ओझें स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असूं नये. नवे बूट घालून कधींही निघूं नये. पासपोर्टची एक नक्कल घरीं ठेवावी, आणि रोज ठरलेल्या वेळीं घरीं दोन शब्द कळवावे. नारायणाच्या मातेनें चोवीस वर्षें मुलाची वाट पाहिली असें चरित्रकार सांगतात. आजच्या आईला मोबाइल फोन असतांना तशी वाट पाहावयास लावणें हें वैराग्य नव्हे, निष्काळजीपणा होय.

अप्रामाणिक मार्गही असतात. तिकिटाशिवाय गाडींत बसणें, ओळखीच्या ओळखीच्या घरीं आठवडाभर ठाण मांडणें, गरीब देशांत जाऊन फेरीवाल्याशीं दोन पैशांसाठीं तास तास घासाघीस करणें. यांतल्या प्रत्येक ठिकाणीं पैसा वांचतो असें दिसतें. वस्तुतः खर्च दुसऱ्याच्या माथीं मारलेला असतो, आणि तोही त्याला न विचारतां. मूठ घ्यावी, पसा घेऊं नये, हा साडेतीनशें वर्षांहून जुना नियम पॅरिसच्या वसतिगृहांतही तितकाच लागू आहे.

मुलांना निघण्यापूर्वीं अभ्यास हवा असेल तर तो घराजवळ करावा. अंबडहून जांब, तेथून गोदेच्या कांठाकांठानें पैठण, अशी चार-सहा दिवसांची पायीं सफर करावी. स्वतःचें ओझें स्वतः वाहावें, अनोळखी गांवांत मुक्काम मागावा, मिळेल तें खावें आणि निघतांना जागा झाडून द्यावी. ज्याला हें जमतें त्याला यूरोप जड जात नाहीं. ज्याला शहागडच्या पुलावर कंटाळा येतो, त्याला डॅन्यूबच्या पुलावरही तो येईल.

शेवटीं घरांतल्या वडील मंडळींना एक विनंति. आपल्या मुलाला परक्या गांवीं कोणीतरी दार उघडावें अशी आपली इच्छा असते. तेंच दार आपल्या गांवीं परक्याच्या मुलासाठीं उघडें आहे काय, हेंही आपण पाहूं. आपल्याकडे जुन्या धर्मशाळा कित्येक ठिकाणीं पडल्या, कित्येक ठिकाणीं त्यांचीं दुकानें झालीं. परंतु शाळा गांवोगांव आहेत, आणि मे महिन्यांत त्या रिकाम्याच असतात. शिरमान मास्तराला वादळी रात्रीं सुचलें तें करावयास आपल्याला वादळाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. अंबडास, जांबेस, पैठणास, प्रत्येक ठिकाणीं शाळेचे दोन वर्ग सुट्टीपुरते वाटसरू विद्यार्थ्यांना मोकळे करावे. एक रांजण पाणी, एक दिवा, झोंपावयास सतरंज्या आणि जात-धर्म न विचारणारा एक रखवालदार, एवढें भांडवल आरंभाला पुरे आहे.